पुरळ ओसरल्यानंतरचा ताप

गोवर झालेलं मूल रुग्णालयात पोहोचतं तेव्हा बहुतेक वेळा पुरळ काळवंडायला लागलेलं असतं. चेहऱ्यावरचं जवळजवळ गेलेलं, पायांवर तेवढं लालसर उरलेलं. आई सांगते, गोवर तर गेला, ताप उतरला होता, पण परवापासून पुन्हा चढलाय. आता अंगावर पीत नाही, छाती उडते. शहापूर-मुरबाडसारख्या डोंगरपट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यांत गोवराची हकीगत अशी उलट्या बाजूनं सुरू होते. आजार गेला असं घर म्हणतं, तेव्हा दवाखान्याचं काम सुरू होतं. कारण गोवरात मूल दगावतं ते सहसा त्याच्यामागून येणाऱ्या न्यूमोनियानं, जुलाबानं किंवा मेंदूच्या सुजेनं.

विषाणू श्वासावाटे आत शिरल्यावर दहा-बारा दिवस काहीच कळत नाही. मग ताप, वाहतं नाक, कोरडा खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे. सर्दी झाली, असं वाटण्याचेच हे दिवस. तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर बारीक पांढरट ठिपके दिसू शकतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि अजूनही ते ठिपके त्यांच्याच नावानं ओळखले जातात. ताप आल्यावर तीन-चार दिवसांनी कानामागून आणि कपाळावर केसांच्या कडेनं पुरळ उमटतं, चेहऱ्यावर पसरतं, मग छाती, पोट, हात, पाय. ज्या क्रमानं येतं त्याच क्रमानं ते मावळतं.

अडचण अशी की पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून ते आल्यावर चार दिवसांपर्यंत मूल इतरांना आजार देत असतं. घरात ‘गोवर आहे’ असं कळेपर्यंत त्यातला निम्मा काळ उलटलेला असतो. आजारी मूल खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. कुणालाच संरक्षण नसेल अशा वस्तीत एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना गोवर देतो. १८४६ मध्ये अटलांटिक महासागरातल्या फॅरो बेटांवर गोवर पोहोचला, तेव्हा तिथल्या ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० आजारी पडले. पेटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरानं गावोगाव फिरून नोंदी ठेवल्या. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर झालेली म्हातारी माणसं ६५ वर्षांनंतरही सुरक्षित राहिली होती. एकदा झालेला गोवर जन्मभराचं संरक्षण देऊन जातो.

पण तो त्याची किंमतही वसूल करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवरापूर्वी या मुलांच्या शरीरात निरनिराळ्या जंतूंविरुद्ध जी प्रतिपिंडं जमली होती, त्यांतली ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशी झाली होती. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तशी शरीराची जुनी आठवण पुसली जाते. साध्या जंतूंशीही शरीराला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. म्हणून गोवरातून उठलेलं मूल पुढचे काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळ, सारखं काही ना काही घेऊन आजारी पडतं. त्याचा खोकला छातीत उतरतो, पोट चालतं, कान वाहतो. हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. याहून दुर्मीळ असा एक प्रकार आहे, तो काही वर्षांनी उगवतो. शाळेत जाणारं धडधाकट मूल हळूहळू अभ्यासात मागं पडू लागतं, अंगाला झटके येऊ लागतात आणि त्यातून ते सावरत नाही. तान्हेपणी झालेला गोवर बरेचदा घरच्यांच्या स्मरणातूनही गेलेला असतो.

गावात गोवराला नुसता आजार म्हणून पाहिलं जात नाही. देवीचा फेरा म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, घरात फोडणी बंद होते, मुलाला अंधाऱ्या कोपऱ्यात निजवतात, पाड्यावरच्या भगताला विचारलं जातं. यातलं सगळंच टाकाऊ नाही. गोवरात डोळ्यांना उजेड सोसत नाही, त्यामुळे मंद उजेड मुलाला बराच वाटतो. कडुलिंबानं काही बिघडत नाही. चार घरांपासून मुलाला वेगळं ठेवण्याची जुनी रीत तर साथीच्या दृष्टीनं शहाणपणाची आहे. नुकसान होतं ते दोन समजुतींनी. औषध दिलं तर गोवर ‘दबतो’ आणि पोटात जातो, ही एक. मुलाचं खाणंपिणं तोडायचं, ही दुसरी. पहिलीमुळे दवाखान्यात जायला चार-पाच दिवसांचा उशीर होतो. दुसरीमुळे आधीच हडकलेलं मूल त्याच चार-पाच दिवसांत आणखी खंगतं. आईचं दूध चालू ठेवणं, थोडं थोडं पण वारंवार भरवणं, मऊ भात, डाळीचं पाणी, पेज, हे सगळं गोवराच्या मुलाला औषधाइतकंच लागतं. आशाताई देवीच्या मानपानाशी वाद न घालता आईला एवढंच म्हणाली, ‘तुमचं तुम्ही करा, पण पोराला पाजणं बंद करू नका, अन् धाप लागली तर रात्र असली तरी मला हाक मारा,’ तर तिनं अर्धी लढाई जिंकलेली असते.

धाप ओळखायची कशी, तेही आशाताईला शिकवलेलं असतं. मूल शांत असताना त्याला आईच्या मांडीवर घ्यायचं, सदरा वर करायचा, घड्याळ हातात धरायचं आणि पोटाची वरखाली हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त भरला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर थांबायचं नाही. मूल काहीच पीत नसेल, प्यायलेलं सगळं ओकत असेल, झटके आले असतील किंवा हलवूनही नीट जागं होत नसेल, तर १०८ ची गाडी बोलवायची. यासाठी यंत्र लागत नाही, पण ते एक मिनिट सलग द्यावं लागतं. अर्धं मिनिट मोजून आकडा दुप्पट केला की तान्ह्या बाळात हिशेब हमखास चुकतो, कारण त्याचा श्वास एका लयीत चालत नाही.

रुग्णालयात गोवराच्या विषाणूवर म्हणून देण्यासारखं खास औषध नाही. उपचार असतात ते त्यानं केलेल्या पडझडीवर. मुलाला इतर बालरुग्णांपासून वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवतात. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लागतो, आकडा घसरला तर नाकाशी नळी. न्यूमोनिया असेल तर अँटिबायोटिक, जुलाब असतील तर ओआरएस आणि झिंक. तोंड आतून सोललेलं असतं म्हणून मूल घास घेत नाही, तर तोंड साफ ठेवून चमच्यानं पाजत राहावं लागतं. चिकटलेले डोळे स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसायचे आणि बुबुळावर पांढरट डाग दिसतो का ते रोज पाहायचं.

आणि ‘अ’ जीवनसत्त्व. अंगणवाडीत सहा-सहा महिन्यांनी चमच्यानं देतात तेच पिवळं औषध. गोवराच्या मुलाला ते सलग दोन दिवस देतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख, वर्षावरच्या मुलाला दोन लाख. डोळ्यांवर परिणाम दिसत असेल तर काही आठवड्यांनी तिसरा डोस. याची ताकद किती, ते केपटाउनमधल्या एका चाचणीनं १९९० मध्ये दाखवून दिलं. गंभीर गोवरानं दाखल झालेल्या १८९ मुलांपैकी निम्म्यांना ‘अ’ जीवनसत्त्व मिळालं, निम्म्यांना तसंच दिसणारं निव्वळ द्रव. एकूण १२ मुलं दगावली, त्यांतली १० दुसऱ्या गटातली होती. न्यूमोनियातून सावरायला पहिल्या गटाला सरासरी सहा दिवस लागले, दुसऱ्याला बारा. इतक्या स्वस्त औषधाचा इतका मोठा गुण बालरोगशास्त्रात क्वचितच दिसतो. मात्र ते दवाखान्यातून, मोजून घ्यायचं औषध आहे. गोवर होऊ नये म्हणून घरी जास्त पाजलं तर ते मुलाला बाधतं आणि लसीची जागा तर मुळीच घेत नाही.

आता या दोन तालुक्यांकडे वळू. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली यांचे पाडे कसारा घाटापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत विखुरलेले आहेत. भातसा, तानसा, मोडकसागर या धरणांतून मुंबईची तहान याच बाजूनं भागते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या कित्येक पाड्यांवर टँकर लागतो. जुलाब लागलेल्या मुलाच्या घरी पाणी दूर असणं म्हणजे काय, ते तिथल्या आईला ठाऊक असतं. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, खर्डी, मुरबाड आणि टोकावडे इथं ग्रामीण रुग्णालयं आहेत, डोळखांब, किन्हवली, सरळगाव, धसई अशा ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. मूल फारच अत्यवस्थ झालं तर मात्र उल्हासनगर, कळवा, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. शहापूरला रेल्वे जवळ तरी आहे, मुरबाडला तीही नाही. पावसाळ्यात काही पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. धापणाऱ्या मुलासाठी हा वेळ फार मोठा असतो.

त्यातही सगळ्यात उघड्यावर पडलेलं मूल कातकऱ्याचं. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी ही एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. भात कापून झाला, दिवाळी उरकली की उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल, मालक नेईल तिकडे. परतायचं ते पाऊस तोंडावर आल्यावर. गोवराचा हंगामही हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंतचाच. म्हणजे ज्या महिन्यांत गोवर फिरतो, नेमक्या त्याच महिन्यांत हे मूल आपल्या गावच्या आशाताईच्या यादीत असतं पण गावात नसतं, आणि भट्टीच्या गावात असतं पण तिथल्या यादीत नसतं. गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. श्रावणात जन्मलेल्या बाळाला नऊ महिने वैशाखात भरतात, तेव्हा ते भट्टीवर असतं. पुढच्या हंगामात दुसऱ्या डोसाची मुदत सुरू होते, तेव्हा पुन्हा भट्टीवर. आईच्या निष्काळजीपणाला दोष देण्याआधी हे महिने एकदा बोटांवर मोजून पाहावेत.

भट्टीवर झोपड्या एकमेकींना खेटून असतात. अनेक गावांची पोरं एकत्र खेळतात. आणि भट्ट्या जिथं आहेत त्या शहरांच्या कडेला गोवर असला की काय होतं, ते २०२२ मध्ये दिसलं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीच्या रफीनगरात दोन-तीन दिवसांत तीन मुलं दगावली आणि मुंबई महापालिकेची धावपळ सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये केंद्राचं पथक आलं. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या. मालेगाव आणि ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीतही उद्रेक झाला, मुलं दगावली. राज्यानं डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. कोरोनाच्या काळात नियमित लसीकरणाला पडलेली खिंडारं या साथीनं उघडी केली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्याला कळवलं की, उद्रेकाच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना एक जादा डोस देण्याचा विचार करावा. जिथं नऊ महिन्यांच्या आतल्या रुग्णांचं प्रमाण दहा टक्क्यांवर आहे, तिथं सहा महिन्यांपासूनच एक डोस द्यावा. हा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरायचा नाही.

एरवी नऊ महिने थांबण्यामागं कारण आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि लसीलाच निकामी करतात. नऊ महिन्यांना दिलेली लस सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण देते, दोन डोसांनंतर ते ९७ टक्क्यांपर्यंत जातं. गोवर अडवायला वस्तीतल्या ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. शंभर मुलांच्या गावात सहा-सात मुलं राहिली तरी फट पडते, आणि ती सहा-सात एकाच कातकरीवाडीतली असली तर तिथं फट नसून दारच उघडं असतं.

लसीची कुपीही नाजूक असते. आत कोरडी भुकटी, सोबत वेगळं पातळ द्रव, दोन्ही थंड. उपकेंद्रातली सिस्टर लसीचा निळा डबा घेऊन पाड्यावर पोहोचते, भुकटीत द्रव मिसळते आणि कुपीवर वेळ लिहिते. तिथून चार तास. त्यानंतर उरलेले डोस फेकायचे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाहीत. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात आणि पाड्यावर कधी एकच मूल हजर असतं. अशा वेळी ‘पुढच्या खेपेला चार पोरं जमली की देऊ’ असा मोह होतो. एका मुलासाठीही कुपी उघडावी, हेच बरोबर आहे. वाया गेलेल्या डोसांची भरपाई होते. पुढच्या खेपेला ते मूल गावात असेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

लस मिसळण्यातली चूक किती महागात पडते, त्याचं उदाहरण सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाचं. २०१८ मध्ये तिथं लसीत पाण्याऐवजी चुकून स्नायू सैल करणारं औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं गेली. लसीकरण काही महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला. २०१९ च्या अखेरीस गोवर आला तेव्हा दोन लाखांच्या त्या देशात ८३ माणसं मेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. खाऊनपिऊन सुखी देशांनाही गोवर सोडत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पश्चिम टेक्सासमध्ये सातशेहून जास्त लोकांना तो झाला आणि लस न घेतलेल्या दोन मुलींचा जीव गेला. त्यांना आधीचा कोणताही आजार नव्हता.

भारतानं गोवराची लस १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरणात आणली, दुसरा डोस २०१० नंतर. गोवर-रुबेलाची एकत्रित मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून झाली. लस बनवण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट जगभर ती पुरवते. गोवर-रुबेलाच्या निर्मूलनाचं उद्दिष्ट आता २०२६ वर ठेवलेलं आहे. लस पुण्यात बनते आणि पुण्याच्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या भट्टीवर एखादं मूल तिच्यावाचून राहतं, ही गोष्ट मनाला लागते. हे अंतर नकाशात फारसं नाही. ते आपल्या नोंदवह्यांमध्ये आहे.

ते मिटवता येतं, याचा दाखलाही याच मुलखात आहे. वीटभट्टीवरच्या मुलांची शाळा बुडते म्हणून विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच ‘भोंगा शाळा’ चालवल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे, इतका साधा विचार. लसीचंही तसंच करावं लागेल. दिवाळीआधी, कुटुंबं निघण्यापूर्वी पाड्यावर एक फेरी, आणि पौष-माघात भट्ट्या पेटलेल्या असताना थेट भट्टीवर दुसरी. पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेसाठी मुरबाड तालुक्यात लांबलांबून माणसं येतात, तेव्हा अंगावर पुरळ असलेल्या मुलाला गर्दीत नेऊ नका, हे आधी आठवडाभर वाडीवाडीत सांगायला हवं. ताप आणि पुरळ असलेलं प्रत्येक मूल संशयित गोवर म्हणून कळवायचं असतं. मग ते कसाऱ्याच्या दवाखान्यात येवो की खासगी डॉक्टरकडे. एखाद्या भागात चार आठवड्यांत अशी पाच मुलं आढळली तर उद्रेक समजून घरोघर शोध घ्यायचा असतो. एखादा डोस राहिला असेल तर तो पाच वर्षांचं होईपर्यंत देता येतो. ‘वय गेलं’ म्हणून परत पाठवण्याचं कारण नाही.

राहता राहिलं रुग्णालयातून सुटणारं मूल. त्याला पुढचे काही आठवडे रोज एक जादा जेवण हवं, वजन पाहायला हवं, पुन्हा ताप किंवा धाप आली तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. मूल कुपोषित असेल तर पोषण पुनर्वसन केंद्राची गरज लागते. पण आईची मजुरी बुडालेली असते, मुकादमाचा फोन येत असतो आणि सुटका झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घर पुन्हा भट्टीवर असतं. डिस्चार्जच्या कागदावर फक्त मूळ गावचा पत्ता असतो. त्याच्याखाली भट्टीचं गाव, मुकादमाचा नंबर आणि तिथल्या आरोग्य केंद्राचं नाव एवढ्या तीन ओळी भरून घेतल्या आणि त्या केंद्राला त्याच दिवशी फोन गेला, तर तिथल्या आशाताईला चौथ्या दिवशी त्या झोपडीत जाऊन मुलाचा श्वास मोजता येईल, आणि त्याच झोपड्यांत लस राहिलेली आणखी किती मुलं आहेत तेही विचारता येईल.